दाजींना क्रेडिट कार्ड वापरायला द्यावं का? ॲड-ऑन काढलं तर जबाबदारी कुणाची?

वाळूजकर

नमस्कार मंडळी. सल्ला पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे, कारण येत्या रविवारी दाजी घरी येणार आहेत.

मी वाळूज एमआयडीसीत नोकरीला. क्रेडिट कार्ड एकच, लिमिट दीड लाख. बिल दर महिन्याला पूर्ण भरतो, आजवर व्याज म्हणून रुपया गेलेला नाही. दाजींचं गेवराईकडं गावात कृषी सेवा केंद्र आहे. पेरण्या तोंडावर आल्यात. घाऊकवाला जुनी बाकी दाखवून बसलाय, रोख दिल्याशिवाय बियाणं-खत सोडत नाही. दाजींचं म्हणणं असं की तुझं कार्ड नुसतं पाकिटात पडून असतं, त्यावर एक-सव्वा लाखाचा माल उचलू दे, दर महिन्याला मी भरत जाईन. ते पटत नसेल तर माझ्या नावाचं ॲड-ऑन, म्हणजे तुझ्या कार्डाला जोडलेलं दुसरं कार्ड, काढून दे, म्हणजे माझं मी बघून घेईन.

माणूस खोटा नाही. माझ्या लग्नात मांडवापासून पंगतीपर्यंत सगळं त्यांनीच ओढलं होतं. त्यात ताई समोर बसलेली असणार, तिच्यादेखत नाही कसं म्हणायचं?

दुसरी अडचण माझी. बीड बायपासला फ्लॅट बघतोय, दिवाळीच्या सुमारास होम लोन करायचंय. ॲड-ऑन दिलं तर जबाबदारी खरंच त्यांची होते का? आणि लोनवर काही फरक पडतो का?

मनमौजी_परभणी

द्या की. सव्वा लाखासाठी बहिणीचं घर तोडता का?

काउंटर_नंबर_तीन

बँकेत कार्डाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ॲड-ऑनचा गैरसमज काढून टाका. ॲड-ऑन कार्डावर नाव दाजींचं छापलेलं असेल, पण खातं तुमचंच, लिमिट तुमचंच आणि बिलही तुमच्याच नावावर. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांबद्दलचे एकत्रित निर्देश १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यातही ॲड-ऑनची जबाबदारी मूळ कार्डधारकाचीच धरली आहे. 'माझं मी बघून घेईन' हे दाजी तुम्हाला म्हणू शकतात, बँकेला म्हणू शकत नाहीत. बँकेच्या कागदावर दाजी नावाचा देणेकरीच नाही. हप्ता चुकला तर सिबिलला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवून स्कोअर देणाऱ्या संस्थेकडे, तुमचं नाव जातं. त्यांनी वेळेवर भरलं तरी त्याचा फायदा साधारणपणे त्यांच्या खात्यात जमा होत नाही.

आता लोक ज्याचा हिशोबच करत नाहीत ते सांगते. समजा दाजींनी १,२०,००० चा माल घेतला आणि बिल आल्यावर म्हणाले, या महिन्यात सहा हजारच जमतायत. बऱ्याच कार्डांना महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. १,२०,००० वर एका महिन्याचे ४,२०० रुपये व्याज. व्याजावर १८ टक्के जीएसटी, ७५६ रुपये. झाले ४,९५६. सहा हजारांपैकी मुद्दलात गेले फक्त १,०४४. आणि व्याज देय तारखेपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून लागतं, म्हणून पहिल्या खेपेला आकडा याहूनही मोठा दिसतो.

एवढ्यावर भागत नाही. मागची बाकी पूर्ण भरली नाही की त्या कार्डाची बिनव्याजी मुदत बंद होते. पुढच्या महिन्यात तुम्ही स्वतः ५०० रुपयांचं पेट्रोल भरलंत, तर त्या ५०० वरही त्याच दिवसापासून व्याज. थकबाकी दाजींची, पण तुमच्या किराण्यालाही ४२ टक्के लागायला लागतात. कार्डाला खाती वेगळी करता येत नाहीत. हा माल त्यांचा, हे दूध आमचं, असं बिलात कुठं लिहून येत नाही.

होम लोनचं म्हणाल तर दीड लाखाच्या लिमिटवर सव्वा लाखाच्या आसपास वापर म्हणजे ८० टक्क्यांच्या घरात. वापर तीस टक्क्यांच्या आत असावा असा ढोबळ आडाखा आहे. एकही हप्ता न चुकता नुसता वापर फुगला तरी स्कोअर घसरतो. आणि आता आधीसारखं महिनाभर दडून राहत नाही, जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते.

वाळूजकर

हे पेट्रोलचं मला खरंच माहीत नव्हतं. दंड फक्त उशीर झाला तरच लागतो असं वाटायचं.

काउंटर_नंबर_तीन

उशिराचा दंड वेगळा, व्याज वेगळं. देय तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्यावरच दंड लावता येतो आणि थकीत म्हणून कळवता येतं, ही सवलत निर्देशांत आहे. पण ती व्याजाला नाही. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरला की दंड टळतो, व्याज नाही टळत. त्या दोन शब्दांनी जेवढी माणसं बुडालेली पाहिली तेवढी चैनीने बुडालेली नाही पाहिली.

मोंढ्यावरचा

ताईंनी बँकेची बाजू सांगितली, मी दुकानाची सांगतो. आमचं नांदेडला मोंढ्यात दुकान आहे आणि खेड्यावरचे कृषी केंद्रवाले रोज समोर बसलेले असतात.

वाळूजकर भाऊ, दाजी प्रामाणिक आहेत की नाहीत हा सवालच नाही. सवाल पैसा परत कधी येतो याचा आहे. कार्डाची बिनव्याजी मुदत जास्तीत जास्त पंचेचाळीस-पन्नास दिवस, तीही बिलाच्या तारखेनंतर लगेच खरेदी केली तर. जूनमध्ये उचललेल्या मालाचे पैसे जुलैच्या अखेरीला बँकेला पाहिजेत. आणि दाजींनी तो माल कुणाला दिला? शेतकऱ्याला, उधारीवर. शेतकरी कधी देणार? सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे दसऱ्याच्या पुढं. कापूसवाला तर दिवाळी ओलांडून. जुलैत त्याच्याकडं फवारणीला पैसे नसतात, तो तुमच्या दाजींना बियाण्याचे कुठून देणार? म्हणजे ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे तीन महिने कार्डावर व्याज चढणार, हे आजच ठरलेलं आहे. नशिबाचा भाग नाही यात.

वर पावसाचं कोण सांगणार? २०२५ च्या सप्टेंबरात काय झालं आठवा. धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, सगळीकडं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात. ज्या केंद्रवाल्यांची उधारी शिवारात होती ती शिवारातच राहिली. शेतकऱ्याला सांगायला तोंड नाही, घाऊकवाला दारात. अशात कार्डाची देय तारीख एक दिवस पुढं सरकत नाही.

अजून एक. घाऊकवाला कार्ड स्वाइप करून घेईल का विचारलंत का? आमच्याकडं बरेच जण वर दोन टक्के मागतात. सव्वा लाखावर अडीच हजार तिथंच गेले. खताच्या गोणीवर सुटतं किती हे दाजींना विचारा, दोन टक्के गेल्यावर हातात काय उरतं ते तेच सांगतील.

मनमौजी_परभणी

सगळे बँकेच्याच भाषेत बोलायलेत इथं. आव, आपल्याकडं सगळं गाव उधारीवर चालतं. किराणा उधार, दवाखाना उधार, लेकीचं लग्न उधार. दाजींनी कुठं दारूला मागितलेत? धंद्याला मागितलेत. बँकेनं दिलं असतं तर मेव्हण्याकडं आले असते कामून? सिबिल सिबिल करून माणूस माणसाला विचारीनासा झालाय. उद्या तुमच्यावर वेळ आली तर सिबिल येणार नाही दवाखान्यात डबा घेऊन.

मोंढ्यावरचा

मनमौजी, बोललात ते खरं आहे. मी पण उधारीवरच धंदा करतो. पण गावातल्या उधारीत सावकाश घ्या म्हणायला जागा असते. पीक गेलं तर पुढच्या सालावर ढकलतो, अर्धे घेतो, कधी सोडून देतो. दाजींना उधार द्यायचं तर वाळूजकरांनी स्वतःचे पैसे द्यावेत. बँकेचे पैसे ४२ टक्क्यांनी आणून पुढं बिनव्याजी उधार देणं ही कुठली उधारी?

शाळेतली_मी

हिंगोली जिल्ह्यात शिक्षिका आहे. मनमौजींच्या डब्याच्या वाक्यावर लिहावंसं वाटलं.

आमच्या स्टाफरूममधल्या एका मॅडमचं कार्ड त्यांच्या दिरांकडे असतं. पगार मॅडमचा, कार्ड मॅडमच्या नावावर, पण कार्ड कोणत्या कप्प्यात आहे हे मॅडमना माहीत नाही. 'घरातच तर आहे' एवढं एकच उत्तर. दिरांनी आधी मोबाइल हप्त्यावर घेतला, मग फ्रीज, मग कुठल्याशा दुकानात स्वाइप करून रोख घेतली, तिथे दुकानदाराने वर तीन टक्के कापले. बिल मॅडमच्या ईमेलवर येतं आणि तो ईमेल मॅडमचे मिस्टर बघतात. पहिल्यांदा कळलं कधी, तर वसुलीवाल्याचा फोन शाळेत आला तेव्हा. चौथीचा वर्ग चालू होता. मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा फोन, सगळ्यांसमोर.

मॅडमनी घरी विचारलं तर उत्तर मिळालं, एवढ्याशा पैशासाठी भावाभावांत वितुष्ट आणतेस का?

घर तुटू नये म्हणून कार्ड दिलं जातं आणि मग त्या कार्डानेच घर धुमसत राहतं. डबा आणणारी माणसं हवीतच, पण जिच्या नावावर देणं आहे तिला निदान बिल तरी दिसू द्या. एवढंच.

जाता जाता: वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. मॅडमनी तशी लेखी तक्रार बँकेकडे केल्यावर शाळेतले फोन थांबले. देणं मात्र आहे तिथेच आहे.

सीए_होता_होता

जालन्यात एका सीएंकडे आर्टिकलशिप करतोय. कराची बाजू कुणी काढली नाही म्हणून.

एका आर्थिक वर्षात क्रेडिट कार्डाच्या बिलापोटी १० लाख किंवा त्याहून जास्त भरले गेले, किंवा रोखीने १ लाख किंवा जास्त भरले गेले, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. मग ते तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसतं. वाळूजकरांचं लिमिट दीड लाख, त्यामुळे दहा लाखांची भीती त्यांना लगेच नाही. पण रोखीच्या लाखाकडे लक्ष द्या. मोंढ्यावर काय होतं? दुकानदार गल्ल्यातली रोकड घेऊन थेट बँकेत कार्डाचं बिल भरतो. दाजींनी दोन-तीन वेळा तसं केलं की लाख ओलांडतो, आणि नोटीस येते पगारदार माणसाला, की ही रोकड कुठून आली. तेव्हा 'दाजींच्या दुकानाची' हे सांगायला कागद लागतो.

२० हजार किंवा त्यापुढची उसनवारी रोखीत घेणं आणि रोखीत फेडणं आयकर कायद्याला मान्य नाही, नातेवाईक असले तरी. जे काही द्यायचं-घ्यायचं ते खात्यावरून करा.

आणि वैयक्तिक कार्डावर दुकानाचा माल भरणं बहुतेक बँकांच्या करारात बसत नाही. एकाच घाऊक व्यापाऱ्याकडे मोठ्या रकमेचे स्वाइप दिसले की बँक विचारणा करते, कधी कार्ड बंदही करते.

वाळूजकर

बाप रे. मी तर पॉइंट्स मिळतील म्हणून अर्धा तयार झालो होतो.

काउंटर_नंबर_तीन

पॉइंट्सची किंमत साधारण शंभर रुपयांमागे पंचवीस पैसे ते एक रुपया. घाऊकवाल्याचे दोन टक्के वजा करून बघा.

उगाच_एक

३० टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही असा ग्राहक आयोगाचा निकाल आहे ना? मग ४२ टक्के कसे?

कोर्टाच्या_पायरीवर

होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. व्हॉट्सॲपवर मात्र तो अजून जिवंत आहे.

आता धाग्याकडे येतो. लातूरला वकिली करतो, असली प्रकरणं मिटवामिटवीसाठी माझ्याकडेच येतात. पैसे अडकल्यावर वसूल कसे करायचे, हा प्रश्न लोक अडकल्यावर विचारतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

कार्ड तुमचं, स्वाइप तुमच्या कार्डाचा, ओटीपी तुमच्या मोबाइलवर आलेला. माल दाजींनी नेला हे सिद्ध करणार कशाने? घाऊकवाल्याचं बिल दाजींच्या दुकानाच्या नावावर असेल तर एक धागा मिळतो. नसेल तर कागदोपत्री खरेदी तुम्हीच केलेली आहे. व्हॉट्सॲपवर 'पुढच्या महिन्यात देतो' असं त्यांनी लिहिलेलं असेल तर ते जपून ठेवा. नुसत्या तोंडी व्यवहारापेक्षा ते बरं. उसनवारीच्या दाव्याला मुदत तीन वर्षं. लोक नात्यापायी दोन-अडीच वर्षं गप्प बसतात आणि मुदत संपत आली की धावत येतात.

आगाऊ धनादेश घेऊन ठेवा असं कुणीतरी सुचवेलच. घेतलात आणि वटला नाही, तर बँकेकडून परत आल्याची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस त्यांना, आणि त्यानंतर महिन्याभरात न्यायालयात तक्रार. ही कलम १३८ ची वाट. पण ती फौजदारी वाट आहे. बहिणीच्या नवऱ्यावर फौजदारी करायची तयारी असेल तरच धनादेश घ्या. नसेल तर तो धनादेश कपाटात पिवळा पडतो आणि तो पिवळा पडणार हे दाजींनाही ठाऊक असतं.

कुणी म्हणेल, त्यांच्याकडून दोन टक्के व्याज घ्या म्हणजे तुमचं नुकसान भरून निघेल. नातेवाइकाला एकदा दिलेलं उसनं म्हणजे सावकारी नव्हे, पण सवय लागली, दोघा-चौघांना तसं देऊ लागलात, तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे.

गोदाकाठ

एक वेगळीच शंका. दाजी सोडा, आमच्या ऑफिसात दसऱ्या-दिवाळीच्या सेलला अमुक बँकेचं कार्ड असलं की दहा टक्के सूट म्हणून सगळे एकमेकांची कार्डं वापरतात. मित्र त्याच्या फोनवरून माझा कार्ड नंबर टाकतो, मी ओटीपी सांगतो, तो लगेच यूपीआयने पैसे पाठवतो. यात काय धोका? पैसे तर त्याच दिवशी मिळतात.

काउंटर_नंबर_तीन

मित्र बुडवणार नाही हो. धोका दुसरीकडे आहे.

पहिली गोष्ट, तुमचं कार्ड आता त्याच्या ॲपमध्ये बसलं. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, टोकन म्हणजे नंबराऐवजीचा सांकेतिक क्रमांक साठवतात. पण ते टोकन त्याच्या खात्यात राहतं. पुढच्या वर्षी त्याचा फोन चोरीला गेला, किंवा त्याचा मुलगा गेम खेळताना काहीतरी विकत घेऊन बसला, तर तुमचं कार्ड आहेच तिथे. परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपीही मागत नाहीत. एखाद्या ॲपचं मासिक वर्गणीचं ऑटो-पे मान्य केलेलं असेल तर १५ हजारांपर्यंतचा हप्ता दर वेळी ओटीपी न मागता जातो. चोवीस तास आधी सूचना येते, पण ती वाचतं कोण?

दुसरी गोष्ट मोठी. कार्डावर फसवणूक झाली तर ग्राहकाची जबाबदारी किती, याचं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. चूक ना तुमची ना बँकेची, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. पण त्याच परिपत्रकात हेही आहे की ग्राहकाने स्वतः कार्डाचे तपशील दुसऱ्याला दिले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. आता फसवणूक वेगळ्याच ठिकाणी झाली तरी तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न विचारला जातो, ओटीपी, पिन किंवा सीव्हीव्ही कुणाला दिला होता का? खरं सांगितलंत तर तुमची बाजू लुळी. खोटं सांगितलंत तर मित्राच्या फोनचा आयपी पत्ता त्यांच्याकडे आहेच.

सेलला करायचंच असेल तर वस्तू स्वतःच्या खात्यातून मागवा, पत्ता मित्राचा द्या. सूट तीच मिळते, कार्ड बाहेर जात नाही. आणि आधी ज्या ज्या फोनवर कार्ड टाकलंय ती टोकनं बँकेच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून काढून टाका. टॅप करून ५,००० पर्यंत पिनशिवाय जातात, तेही बंद करता येतं. परदेशी व्यवहारांचं बटण वेगळं असतं, ते बंदच ठेवा. फसवणूक झालीच तर आधी कार्ड ब्लॉक, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन.

गोदाकाठ

पत्ता मित्राचा देणं हे इतकं सोपं होतं आणि आम्ही सगळे ऑफिसात ओटीपी ओरडून सांगत होतो.

मनमौजी_परभणी

बरं, कार्ड नको. पण मग दाजींनी करायचं काय? सल्ला देणारे दहा, वाट दाखवणारा एक नाही.

मोंढ्यावरचा

हा सवाल बरोबर आहे. दाजींचं दुकान परवान्याचं असेल, जीएसटीची विवरणपत्रं भरलेली असतील, तर मुद्रा कर्जासाठी जावं. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५० हजार ते ५ लाख, तारण लागत नाही. बँक हेलपाटे घालायला लावते हे मान्य, पण जूनला पाहिजे असतील तर अर्ज मेच्या शेवटी कशाला, जानेवारीत टाकायचा असतो. या हंगामाला घाई असेल तर घरातलं सोनं राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवा. व्याज कार्डाच्या चौथाईच्या आसपास पडतं, मुदत वर्षाची मिळते, सोयाबीन विकून सोडवता येतं. आमच्याकडं निम्मे दुकानदार पेरणीला सोनं ठेवतात आणि दिवाळीला सोडवतात. बायकांचे दागिने असतात, त्यांना विचारून ठेवावेत हे वेगळं सांगायला नको.

आणि दाजींना सांगा, सगळा माल भरू नका. बियाणं भरा, खत अर्ध भरा. पाऊस पडला की बाकीचं बघता येतं. मृगात पाऊस दडी मारतो आणि गोदाम भरलेलं राहतं हे त्यांनी पण बघितलेलं असणार.

वाळूजकर

सगळ्यांचे आभार. रविवार झाला, काय झालं ते सांगतो.

ताईला आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं की कार्ड देणार नाही पण हात वर करणार नाही. त्यामुळे ती तयार होती. दाजींसमोर वही काढून काउंटर ताईंचा हिशोब मांडला, सहा हजारांतले १,०४४ मुद्दलाला. ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, घाऊकवाला महिन्याला दोन टक्के लावतो त्याला मी लुटारू म्हणत होतो.

मग त्यांनी स्वतःच सांगितलं की घाऊकवाल्याची जुनी बाकी नव्वद हजार आहे, २०२५ च्या पुराची. एवढी मोठी आहे हे त्यांनी आधी सांगितलंच नव्हतं. म्हणजे माझ्या कार्डावरच्या सव्वा लाखातून नवा माल फक्त तीस-पस्तीसचाच येणार होता, बाकी सगळं जुन्या खड्ड्यात.

माझ्या बचतीतले चाळीस हजार त्यांच्या खात्यावर पाठवले, एनईएफटीने, शेऱ्यात 'उसने' लिहून. परत आले नाहीत तरी फ्लॅट अडणार नाही एवढीच रक्कम धरली. जुन्या बाकीसाठी ते घाऊकवाल्याशी हप्ते बांधून घेणार आहेत आणि ताई तिच्या पाटल्या ठेवायला तयार आहे. तिनंच काढलं ते, मी बोललो नव्हतो. दाजी जाताना जरा गप्प होते. खोटं कशाला बोलू.

मनमौजी_परभणी

नव्वद हजारांचं लपवायला नको होतं त्यांनी. बाकी चाळीस दिलेत ते चांगलं केलं.

कोर्टाच्या_पायरीवर

शेऱ्यात 'उसने' लिहिलंत हे बरं केलंत. दाजींकडून व्हॉट्सॲपवर 'चाळीस मिळाले' एवढा मेसेज पण घ्या. हक्क दाखवायला नाही, नुसतं पोचलं का विचारा, ते आपसूक लिहितील.

शाळेतली_मी

धागा थोडा भरकटवते, माफी असावी. माझा भाचा लातूरला नीटच्या क्लासला आहे, सतरा वर्षांचा. मेस, पुस्तकं, टेस्ट सिरीज, सारखे पैसे लागतात. बहीण म्हणतेय माझ्या कार्डाचं ॲड-ऑन काढून देते त्याला. वर वाचल्यावर भीती वाटली.

काउंटर_नंबर_तीन

सतरा वर्षांचा असेल तर बहुतेक बँका ॲड-ऑन देणारच नाहीत, अठरा पूर्ण लागतात. पुढे देतील तेव्हा ॲड-ऑनला वेगळी छोटी मर्यादा ठेवून घ्या, महिन्याला पाच-सात हजारांची. बँकेच्या ॲपमध्ये ती बदलता येते. बंद करायचं असेल तेव्हा लेखी कळवा. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावंच लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँक तुम्हाला देणं लागते.

आत्ता त्याच्यासाठी त्याच्याच नावाचं बचत खातं बरं. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना दिली आहे. त्यात महिन्याचे पैसे टाकायचे, संपले की संपले. दुसरा पर्याय यूपीआय सर्कलचा. बहिणीच्या खात्यातून तो पैसे देणार, पण प्रत्येक वेळी मंजुरी तिच्या फोनवर मागितली जाणार. पूर्ण मुभा दिली तरी महिन्याला १५ हजार आणि एका वेळी ५ हजार अशी कमाल मर्यादा आहे.

शाळेतली_मी

मंजुरीवालं नको. बहीण अंगणवाडीत आहे, फोन पिशवीत असतो आणि हा मेसच्या काउंटरवर ताट घेऊन उभा राहील. बचत खात्याचंच बघायला सांगते. त्याला आधार आणि शाळेचा दाखला लागेल ना?

काउंटर_नंबर_तीन

आधार, फोटो, जन्मतारखेचा पुरावा. आणि आईला बरोबर घेऊन जायला सांगा, बऱ्याच शाखांना नवा नियम अजून अंगवळणी पडलेला नाही. जेवणाच्या सुट्टीच्या आधी गेलात तर एका फेरीत होतं.